जर्मनी की डॉइचलांड? देशांची नावं निवडण्याची रीत

भाषांतर, संपादन, नकाशा किंवा एखाद्या अर्जातली देशांची यादी असं काम पहिल्यांदा हातात घेतलं की थोड्याच वेळात हा प्रश्न उभा राहतो. जग ज्याला इंग्रजीतून ‘जर्मनी’ म्हणतं, त्याला तिथले लोक ‘डॉइचलांड’ म्हणतात. कागदोपत्री मात्र ‘जर्मन संघीय प्रजासत्ताक’ असं तिसरंच नाव दिसतं. यातलं लिहायचं कोणतं? नवखा माणूस इथे बहुधा दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर इंग्रजी नकाशात दिसेल ते मुकाट्याने देवनागरीत उतरवतो, नाहीतर ‘मूळ नावाचा मान राखला पाहिजे’ म्हणत सुओमी, ह्र्वात्स्का, श्चिपरी अशी नावं वाचकासमोर ओततो. (फिनलंड, क्रोएशिया आणि अल्बानिया. ओळखली होती का?) दोन्ही टोकं टाळता येतात, फक्त प्रश्न योग्य क्रमाने विचारायला हवेत.

१. ‘अधिकृत’ आणि ‘मूळ’ हे दोन वेगळे प्रश्न समजा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. ‘प्रचलित इंग्रजी नाव घेऊ की अधिकृत स्थानिक नाव?’ हा प्रश्नच मुळात फसवा आहे, कारण त्यात दोन निवडी एकत्र बांधल्या आहेत. पहिली निवड लहान नाव की लांब नाव ही. दुसरी, नाव कोणत्या भाषेतलं ही.

ग्रीस घ्या. इंग्रजीत लहान नाव ग्रीस, लांब नाव हेलेनिक रिपब्लिक. ग्रीक भाषेत लहान नाव एलादा, लांब नाव एलिनिकी दिमोक्रातिया. ही चारही नावं खरी आहेत आणि इंग्रजीतलं लांब नावही तितकंच अधिकृत आहे, कारण ग्रीस स्वतःच आंतरराष्ट्रीय करारांवर ते वापरतो. इंग्रजी म्हणजे चालू आणि स्थानिक म्हणजे अधिकृत, अशी वाटणी प्रत्यक्षात नाही.

लांब नावाबद्दलही गृहीत धरू नका. प्रत्येक देशाच्या मागे ‘प्रजासत्ताक’ जोडलं की अधिकृत नाव तयार होतं, असा अनेकांचा समज असतो. हंगेरीने २०१२ पासून लागू झालेल्या राज्यघटनेत नावातला ‘प्रजासत्ताक’ हा भाग काढून टाकला, आता अधिकृत नाव नुसतं हंगेरी. आयर्लंडचं प्रकरण याहून गमतीदार आहे. तिथल्या घटनेच्या चौथ्या कलमात राज्याचं नाव ‘एरे’, किंवा इंग्रजीत ‘आयर्लंड’, असं लिहिलं आहे. ‘आयर्लंडचं प्रजासत्ताक’ हे १९४८ च्या कायद्याने ठरवलेलं वर्णन आहे, नाव नव्हे. फुटबॉलच्या तक्त्यात मात्र तेच दिसतं, कारण तिथे उत्तर आयर्लंडचा वेगळा संघ असतो.

उलट बाजूने, स्थानिक नाव एकच असतं हेही खरं नाही. जपानी लोक आपल्या देशाला निहोनही म्हणतात आणि निप्पोनही. यातलं एकच ठरवण्याची गरज नाही, असं जपानी सरकारने २००९ मध्ये स्पष्ट केलं होतं. ज्यांचं नाव आहे त्यांनाच घाई नसेल, तर आपण कशाला करा?

२. नाव कुठे जाणार आहे ते ठरवा

वाहत्या मजकुरात, म्हणजे लेखात, बातमीत, कथेत, वाचक अडखळणार नाही असं लहान नाव घ्या. करार, प्रमाणपत्र, दूतावासाला लिहिलेलं पत्र अशा ठिकाणी लांब नाव लागतं. माहितीच्या तक्त्यात नावाआधी संकेत, म्हणजे देशाचा ठरावीक कोड, ठरवायचा, त्याबद्दल पुढे सविस्तर.

पाकिटावरचा पत्ता हे वेगळं प्रकरण आहे. परदेशी जाणाऱ्या पत्राची वर्गवारी आधी तुमच्याच देशातल्या टपाल खात्यात होते. तिथल्या माणसाला किंवा यंत्राला फक्त शेवटची ओळ, म्हणजे देशाचं नाव, वाचता आलं पाहिजे. गल्ली, घर क्रमांक आणि गाव हा भाग पत्र तिकडे पोहोचल्यावर वाचला जातो, म्हणून तो तिकडच्या लिपीत असला तरी बिघडत नाही. शेवटच्या ओळीत मात्र इंग्रजी नाव ठळक अक्षरांत लिहा. इथे ‘डॉइचलांड’चा आग्रह धरून कोणाचाच मान वाढत नाही.

३. त्या देशाने काही मागणी केली आहे का ते बघा

माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. देशाचं स्वतःच्या भाषेतलं नाव ही एक गोष्ट आणि ‘इतर भाषांनीही आम्हाला याच नावाने हाक मारावी’ ही मागणी ही निराळी गोष्ट. जगाने डॉइचलांड म्हणावं असा हट्ट जर्मनीने कधी धरलेला नाही, तेव्हा तुम्हीही धरायचं कारण नाही. ज्यांनी मागणी केली आहे, त्यांचं ऐकावं. आणि ती मागणी नेमकी कशाची आहे, तेही नीट वाचावं.

आयव्हरी कोस्टचं उदाहरण बोलकं आहे. या नावाचा प्रत्येक भाषेत अनुवाद व्हायचा. इंग्रजीत एक, जर्मनमध्ये दुसरं, स्पॅनिशमध्ये तिसरं. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत हा देश भाषेगणिक वेगळ्या जागी जायचा. शेवटी १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारने कळवलं की फ्रेंच नावच सगळ्या भाषांत वापरावं, त्याचा अनुवाद करू नये. म्हणून औपचारिक मजकुरात ‘कोत दिव्वार’ लिहावं. केप व्हर्देनेही २०१३ मध्ये अशीच विनंती करून ‘काबो व्हर्दे’ हे पोर्तुगीज रूप मागून घेतलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी राजे तिसरे म्स्वाती यांनी स्वाझीलंडचं नाव ‘एस्वातिनी’ केलं. तिथे दुमत नाही. जुनं नाव आता फक्त इतिहासात.

तुर्कीचं नाव गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चेत आलं. डिसेंबर २०२१ च्या अध्यक्षीय परिपत्रकानंतर सरकारने पाठपुरावा केला आणि जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘तुर्किये’ हे रूप स्वीकारलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०२३ पासून औपचारिक कागदपत्रांत नवं नाव घेतलं, पण लोकांना समजावं म्हणून जुन्या नावाची मुभाही ठेवली. ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. मराठीत औपचारिक यादीत तुर्किये, चालू मजकुरात तुर्की. ‘तुर्कस्तान’ हे मराठीतलं जुनं रूप चुकीचं नाही, पण तुर्कमेनिस्तान आणि मध्य आशियातला ऐतिहासिक तुर्कस्तान यांच्याशी त्याची गल्लत होते, म्हणून मी ते टाळतो.

मागणी म्हणजे नेहमी मूळ नावाचीच, असंही नाही बरं का. जॉर्जियाचे लोक आपल्या देशाला साकार्त्वेलो म्हणतात. काही भाषांत या देशाचं ‘ग्रुझिया’ हे रशियनवरून आलेलं नाव रूढ होतं. जॉर्जियाने त्या देशांना विनंती केली ती ‘जॉर्जिया’ म्हणण्याची! जपानने २०१५ मध्ये त्याप्रमाणे बदल केला. लिथुएनियाने मात्र एक पाऊल पुढे जाऊन साकार्त्वेलोवरून घडवलेल्या रूपालाच मान्यता दिली. चेक प्रजासत्ताकाने २०१६ मध्ये जगाला लहान नाव दिलं तेही ‘चेकिया’ असं इंग्रजी वळणाचं. त्यांच्या भाषेतलं ‘चेस्को’ त्यांनी इंग्रजीवर लादलं नाही. नेदरलँड्सने २०२० पासून स्वतःच्या प्रचारातून ‘हॉलंड’ हे नाव हटवलं, कारण उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे देशाच्या बारा प्रांतांपैकी दोनच आहेत.

४. मराठीत काय रुळलं आहे ते विचारा

इंग्रजी की मूळ, या झगड्यात वाचकाची भाषा हा तिसरा पक्ष अनेकदा विसरला जातो. चीन, जपान, ब्रह्मदेश ही मराठीची आपली नावं आहेत. त्यांना हात लावायला सबळ कारण हवं. ‘चिली’ हा स्पॅनिश उच्चारानुसार ‘चिले’ आणि मेक्सिको ‘मेहिको’ होतो, पण ही दुरुस्ती करून वाचकाला काहीच नवं कळत नाही. उच्चार सुधारणं आणि नाव बदलणं या दोन गोष्टी एकाच कामात मिसळू नका.

नावात दिशा किंवा सर्वसामान्य शब्द असेल तर तेवढा भाग मराठीत येतो: दक्षिण आफ्रिका, उत्तर मॅसिडोनिया, संयुक्त अरब अमिराती, मध्य आफ्रिकेचं प्रजासत्ताक. विशेषनाम जसंच्या तसं राहतं. मॉन्टेनेग्रोचा अर्थ ‘काळा डोंगर’ होतो आणि तिथल्या भाषेतलं ‘त्स्रना गोरा’ हे नावही तेच सांगतं, म्हणून मराठीत काळा डोंगर लिहायचं नसतं. न्यूझीलंडातलं ‘न्यू’सुद्धा तसंच ठेवतो. नियमाला अपवाद दिसतील. तिथे वापर जिंकतो.

आणखी एक चाचणी व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. निवडलेल्या नावाला प्रत्यय लावून मोठ्याने वाचा. अमेरिकेत, रशियात, जपानने, फ्रान्सचा. जुनी नावं मराठीने पचवली आहेत, काहींचं सामान्यरूपही होतं. नवी नावं तशी वाकत नाहीत. ‘एस्वातिनीमध्ये’, ‘कोत दिव्वारमधून’ असं शब्दयोगी अव्यय लावून काम भागवा. जे नाव दर वाक्यात घशात अडकतं, ते दहा पानांच्या लेखात दोनशे वेळा लिहायचं का, हे आधीच ठरवलेलं बरं.

विशेषणं वेगळी तपासा. देशाचं नाव बदललं की भाषेचं आणि लोकांचंही बदलतं, हा समज सरसकट खरा नाही. ग्रीसशी २०१८ मध्ये झालेल्या प्रेस्पा करारानुसार देशाचं नाव उत्तर मॅसिडोनिया झालं आणि फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू आहे. पण त्याच करारात भाषेचं नाव ‘मॅसिडोनियन’ असंच राहिलं. ‘उत्तर मॅसिडोनियन भाषा’ ही लिहिणाऱ्याची स्वतःची निर्मिती ठरेल. नेदरलँड्सचे लोक डचच राहतात.

५. मूळ नाव एकच नसेल तर

‘आमच्या नकाशावर सगळी नावं मूळ भाषेतली’ असं धोरण ऐकायला छान वाटतं. ते स्वित्झर्लंडपाशी अडतं. जर्मनमध्ये श्वाइत्स, फ्रेंचमध्ये स्वीस, इटालियनमध्ये झ्वित्सेरा, रोमान्शमध्ये झ्वित्स्रा. चौघींपैकी कोणावर अन्याय करायचा? स्विस टपाल तिकिटांवर यातलं एकही नाव नसतं, तिथे ‘हेल्वेशिया’ असं लॅटिन लिहितात. बेल्जियमची तीन नावं, फिनलंडची फिनिश आणि स्वीडिश अशी दोन. नकाशाला मूळ नावंच हवी असतील तर सर्व राष्ट्रीय भाषांतली नावं तिरक्या रेघेने जोडून द्या, किंवा जागा नसेल तर वाचकाच्या भाषेतलं एक नाव द्या. त्यातलं एकच मनाने उचलू नका.

कोरियात हा प्रश्न राजकीय होतो. दक्षिणेचे लोक आपल्या देशाला ‘हानगुक’ म्हणतात, उत्तरेचे ‘चोसन’. दोघांची नावं संपूर्ण द्वीपकल्पाला उद्देशून आहेत. त्यांपैकी एक दोन्ही देशांना लावलं की तुम्ही नकळत बाजू घेतलीत. मराठीतलं उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया हे त्यामानाने तटस्थ आहे.

६. तक्ता करत असाल तर आधी संकेत, मग नाव

नावं बदलतात, शुद्धलेखन बदलतं, म्हणून माहितीसाठा नावावर कधीच उभा करू नये. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ‘आयएसओ ३१६६’ हे मानक १९७४ पासून त्यासाठीच आहे. प्रत्येक देशाला दोन अक्षरी, तीन अक्षरी आणि तीन अंकी असे संकेत त्यात मिळतात. गंमत म्हणजे या संकेतांत स्थानिक नावं चोरपावलांनी आली आहेत. जर्मनीचा डीई डॉइचलांडवरून, स्पेनचा ईएस एस्पान्यावरून, स्वित्झर्लंडचा सीएच पुन्हा लॅटिनवरून.

अक्षरी संकेत नावाबरोबर बदलू शकतो. १९८९ मध्ये बर्माचा म्यानमार झाला तेव्हा बीयू जाऊन एमएम आला, अंकी संकेत १०४ मात्र तसाच राहिला. इथिओपियाचं उलट झालं. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाल्यावर भूभाग बदलला, म्हणून अंकी संकेत २३० चा २३१ झाला, अक्षरं तीच राहिली. अंक भूभागाशी बांधलेले आहेत. जुनी आकडेवारी जोडणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ डोकेदुखी वाचते. एस्वातिनीने नाव बदलूनही एसझेड ठेवला, तुर्कियेने टीआर. त्यामुळे ‘नाव बदललं म्हणजे संकेत बदललाच असेल’ असं धरून चालू नका.

सापळे भरपूर आहेत, त्यातले दोन नेहमीचे. नामिबियाचा दोन अक्षरी संकेत एनए आहे आणि आकडेवारीच्या काही प्रणाली त्याचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ असा घेऊन अख्खा देश गाळतात. नॉर्वेचा एनओ संगणक प्रणालींची सेटिंग्ज ठेवणाऱ्या काही फायलींत ‘नाही’ असा वाचला जातो. हे संकेत अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून नोंदवा. दुसरं म्हणजे सगळे संकेत आयएसओचे नसतात. ऑलिम्पिकमध्ये जर्मनी जीईआर, आयएसओमध्ये डीईयू. पारपत्राच्या यंत्रवाचनीय पट्टीत तर नुसता डी. युनायटेड किंग्डमचा आयएसओ संकेत जीबी, पण संकेतस्थळांचा शेवट डॉट यूके. कोसोव्होला आयएसओने संकेतच दिलेला नाही, अनेकजण एक्सके हा कामचलाऊ संकेत वापरतात.

रोमन नावांचा रकाना ठेवत असाल तर फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं आणि चिन्हं सांभाळणाऱ्या संगणकीय पद्धतीत, साठवा. नाहीतर तुर्कियेच्या यूवरचे दोन ठिपके आणि कोतच्या ओवरची टोपी पहिल्याच निर्यातीत उडून जाते, मग शोध लागत नाही.

७. सारखी दिसणारी, वादातली आणि जुनी नावं

दोन काँगो आहेत, तिथे लहान नाव पुरत नाही. ‘काँगो प्रजासत्ताक’ आणि ‘काँगो लोकशाही प्रजासत्ताक’ ही लांब नावं किंवा मागे राजधानी, म्हणजे काँगो-ब्राझाव्हिल आणि काँगो-किन्शासा. गिनी, गिनी-बिसाउ, विषुववृत्तीय गिनी आणि पापुआ न्यू गिनी या चौघांत, नायजर-नायजेरिया, डॉमिनिका-डॉमिनिकन प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया-स्लोव्हेनिया या जोड्यांत नेहमी दुसऱ्यांदा बघा.

वादातल्या नावांत स्वतः न्यायाधीश होऊ नका. तैवानचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या सदस्ययादीत नाही, आयएसओच्या यादीत त्यापुढे ‘चीनचा प्रांत’ असा उल्लेख आहे, ऑलिम्पिकमध्ये तोच संघ ‘चायनीज तैपेई’ म्हणून उतरतो. म्यानमारचं नाव १९८९ मध्ये लष्करी सरकारने बदललं, संयुक्त राष्ट्रांनी ते स्वीकारलं, अमेरिकी सरकार अजून बर्मा म्हणतं. तुमच्या संस्थेने कोणती यादी प्रमाण मानली आहे ते विचारा, ती पूर्ण पाळा आणि तशी एक ओळ तळटीपेत द्या. एका देशासाठी एक यादी आणि दुसऱ्यासाठी दुसरी, हे सर्वात वाईट.

जुन्या घटना लिहिताना त्या काळचं नाव घ्या आणि पहिल्या उल्लेखात कंसात आजचं द्या. रझा शाहने १९३५ मध्ये परदेशी सरकारांना ‘इराण’ वापरायला सांगितलं, त्याआधीच्या करारात पर्शिया हेच बरोबर. सयामचं थायलंड १९३९ मध्ये झालं, सिलोनचं श्रीलंका १९७२ मध्ये, अप्पर व्होल्टाचं बुर्किना फासो १९८४ मध्ये. १९७१ ते १९९७ या काळातला झाईर म्हणजे आजचा काँगो-किन्शासा. ‘१९८० मध्ये बुर्किना फासोने’ असं वाक्य जाणकार वाचकाला लगेच खटकतं.

८. स्वतःची यादी करा

औपचारिक नावांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘यूएनटर्म’ हा शब्दसाठा पाहा. लहान आणि लांब नावं तिथे सहा अधिकृत भाषांत असतात. स्थानिक भाषांतली नावं हवी असतील तर संयुक्त राष्ट्रांच्याच भौगोलिक नावांच्या तज्ज्ञगटाची यादी उपयोगी पडते. मराठी रूपांसाठी युनिकोड या संगणकीय लिपी-मानकाच्या संस्थेचं सीएलडीआर हे भांडार चाळा. फोन आणि संगणकावरच्या याद्यांत दिसणारी मराठी देशनावं बऱ्याचदा तिथूनच येतात. ती सगळीच पटतील असं नाही, पण निदान तुमचं रूप इतरांपेक्षा कुठे वेगळं आहे ते कळतं.

यादीत सहा रकाने पुरे: संकेत, मराठी लहान नाव, मराठी लांब नाव, विशेषण, स्थानिक नाव आणि पर्यायी रूपं. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात, तोच सर्वात कामाचा. शोधणारा माणूस तुर्की, तुर्कस्तान, टर्की, तुर्किये यांतलं काहीही टाईप करेल. नेदरलँड आणि नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि न्युझीलंड, स्वित्झर्लंड आणि स्विट्झर्लंड अशी शुद्धलेखनाची रूपंही त्यात घाला, म्हणजे कोणतंही लिहिलं तरी तोच देश सापडेल. छापील सूचीत हेच काम ‘आयव्हरी कोस्ट: कोत दिव्वार पाहा’ अशी नोंद करते, कारण नाव बदललं की देश ‘आ’मधून उठून ‘क’मध्ये जाऊन बसतो. यादीवर तारीख टाका आणि वर्षातून एकदा आयएसओ व यूएनटर्मशी ताडून बघा.